दुखणाईताचा आसरा

आपल्या मंडळास यंदा पंचवीस वर्षे पुरी होत आहेत. स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काही ना काही लिहून द्यावे असे अध्यक्षाबाईंनी सांगितले, तेव्हा मी ज्वारीच्या धपाट्यांची कृती देण्याचे कबूल केले होते. पण चार दिवसांनी त्या स्वतः घरी आल्या, मंडळाची निळी पत्र्याची पेटी माझ्या ओसरीवर ठेवविली आणि म्हणाल्या, "धपाटे सगळ्याजणींना येतात. ह्या पेटीचा इतिहास तूच लिही. तुझ्याच घरातून ती निघाली."

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. माहेर लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी सातवीतच होते. ती परीक्षा पत्र्याच्या शेडमध्ये दिली आणि पुढे शाळा राहून गेली. १९९९ साली लग्न होऊन नांदेडास आले. इतिहास लिहावयाचा म्हणजे सनावळी पाहिजे, म्हणून माझ्या पुतणीची मदत घेतली; ती परिचारिकेचे शिक्षण घेऊन लातुरास नोकरीला आहे. तिने मला पुस्तके आणून दिली व जे इंग्रजीत होते ते वाचून सांगितले. चुकले असेल ते भगिनींनी पदरात घ्यावे.

ही पुतणी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंची मुलगी. पेटीची हकीकत जाऊबाईंपासूनच सुरू होते.

२००६ साल होते. जाऊबाई तेव्हा सेहेचाळीस वर्षांच्या. त्यांची पाळी जाऊन वर्ष होऊन गेले होते, आणि पुन्हा अंगावरून लाल जाऊ लागले. आम्ही दोघी एकाच न्हाणीत धुणे धूत असू, तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही असे मी म्हणू शकत नाही. मी एकदा विचारले. त्या म्हणाल्या, "उष्णता झाली असेल. तू ह्यांना बोलू नकोस." मी बोलले नाही. पोळा गेला, दिवाळी गेली, संक्रांत आली. आठ महिने आम्ही दोघींनी ते झाकून ठेवले. अखेर कंबर इतकी धरली की त्यांस उठवेना, तेव्हा भाऊजींनी दवाखान्यात नेले. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग, आणि तोही आजूबाजूला पसरू लागलेला. येथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन मुंबईस परळच्या टाटा रुग्णालयात पाठविले.

कर्करोग म्हणजे पोट फाडून गाठ काढतात आणि माणूस महिनाभर खाटेवर पडून असतो, अशी आमची कल्पना होती. तेथे गेल्यावर वेगळेच कळले. ह्या दुखण्यावर मुख्य उपाय शेकाचा. आपल्याकडे त्याला 'लाईट देणे' म्हणतात. शनिवार-रविवार सोडून रोज, पाच आठवडे, यंत्राखाली काही मिनिटे निजावयाचे. आठवड्यातून एकदा शिरेतून औषध. शेवटी काही वेळा आतून शेक. यंत्राखालची ती मिनिटे झाली की "उद्या या" असे सांगतात. खाट मिळत नाही, कारण खाटेचे कामच नसते. खाटा शस्त्रक्रियेच्या रुग्णांस लागतात. म्हणजे दिवसातून दहा मिनिटे औषध, आणि उरलेले तेवीस तास पन्नास मिनिटे दुखणाईताने कोठे काढावयाचे? मुंबईत ज्याचे कोणी नाही त्याला हा प्रश्न दुखण्याहून मोठा पडतो. परळच्या रस्त्याकडेला निळे प्लास्टिक बांधून, शेजारी फाईल व डबा ठेवून बसलेली कुटुंबे मी डोळ्यांनी पाहिली आहेत. त्यांची बोली ऐकली की कळे, कोणी जालन्याकडचे, कोणी खानदेशातले, कोणी थेट बिहारचे. कित्येक जण शेक अर्धा टाकून गावी परत जातात तो पैशापायी जितका, तितकाच निजावयास जागा नाही म्हणून.

ह्या रोगाचा इतिहास बहुधा डॉक्टरांचा व यंत्रांचा लिहितात. तो हवाच. परंतु मला वाटते, आपल्या भागातल्या माणसांच्या बाबतीत तो आसऱ्याचा इतिहास म्हणूनही लिहावयास पाहिजे.

टाटा रुग्णालयाची सुरुवात एका बाईच्या दुखण्यातून झाली हे मला ठाऊक नव्हते. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई ह्यांस रक्ताचा कर्करोग झाला आणि १९३१ साली विलायतेत त्या वारल्या. ह्या मेहेरबाई स्वतः बायकांच्या संस्थांत काम करीत. मुंबई इलाख्याची स्त्रियांची परिषद आणि अखिल भारतीय स्त्रियांची राष्ट्रीय परिषद उभी करण्यात त्यांचा हात होता, आणि बालविवाहाविरुद्धच्या कायद्यासाठीही त्या झटल्या. म्हणजे एका परीने आपल्या मंडळाच्या त्या पूर्वजच. त्यांच्या मागोमाग वर्षभरात, १९३२ साली, दोराबजीही गेले. जाण्यापूर्वी त्यांनी आपली सारी मालमत्ता विश्वस्त निधीला दिली होती. मेहेरबाईंचा प्रसिद्ध 'ज्युबिली' हिराही विकून त्याचे पैसे त्या निधीतच गेले. त्या निधीतून परळला रुग्णालय उभे राहिले व २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते उघडले. सुरुवातीला खाटा ऐंशी होत्या. १९५७ साली ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ साली अणुशक्ती खात्याकडे गेले. हिऱ्याची गोष्ट वाचताना मला जाऊबाईंच्या पाटल्या आठवल्या. त्या सराफ्यात मोडल्या तेव्हा त्यांनी हात पदराखाली घेतले होते.

तेथील संशोधनात एक मराठी बाई फार मोठ्या झाल्या, त्यांचेही नाव येथे घेते. पुण्याच्या कमलाबाई समर्थ, म्हणजे लग्नानंतरच्या डॉ. कमल रणदिवे. डॉ. खानोलकरांच्या हाताखाली शिकून त्यांनी स्तनाच्या कर्करोगावर मूलगामी काम केले, १९७३ साली स्त्री-शास्त्रज्ञांची संघटना स्थापण्यात पुढाकार घेतला, आणि १९८२ साली त्यांस पद्मभूषण मिळाले. आमच्या काळी शाळेत त्यांचे नाव ऐकले असते तर बरे झाले असते.

आता आपल्या मुलखाकडे येते. १९४८ पर्यंत नांदेड काय, लातूर काय, निजामाच्या राज्यात. मोठे दुखणे झाले की ज्याला जमे तो हैदराबादेस जाई. तेथे कर्करोगाचे स्वतंत्र रुग्णालय १९५५ साली निघाले. मेहदी नवाज जंग ह्यांचे नाव त्यास आहे. नांदेडकडची कित्येक कुटुंबे अजूनही तिकडे जातात, कारण तेलुगू येत नसले तरी रस्ता जवळचा. मुंबईस जावयाचे तर छोट्या रुळाची गाडी मनमाडपर्यंत, तेथे उतरून मोठ्या गाडीची वाट पाहावयाची; माझे सासरे सांगत की दुखणाईतास घेऊन मनमाडच्या फलाटावर रात्र काढणे म्हणजे अर्धे मरण. लातूरकडे बार्शी लाईट रेल्वे. ती १९११ साली लातुरापर्यंत आली व १९२७ साली मिरजेस जाऊन मिळाली, तेव्हापासून लातूरची माणसे मिरजेच्या मिशन दवाखान्यात जाऊ लागली. गाडी इतकी हळू की माणसे चढावर खाली उतरून बरोबर चालत, असे माझी आजी हसत सांगे. लातुराहून कुर्डुवाडीपर्यंत सगळा मार्ग मोठ्या रुळाचा व्हावयास २००८ साल उजाडले. आज कर्करोगाच्या रुग्णास उपचारासाठी जाताना शयनयानाच्या डब्यात भाडे पडत नाही, आणि सोबत्यास पाऊण भाडे माफ आहे. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला मात्र लागतो. ही गोष्ट आपल्या पुष्कळ भगिनींस अजून ठाऊक नाही म्हणून मुद्दाम लिहिले.

लातुरात १९६६ साली डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सोबतच्या डॉक्टरांनी विवेकानंद रुग्णालय सुरू केले. शिकलेली माणसे पुण्या-मुंबईची वाट सोडून लातुरास येऊन बसली, ही त्या दिवसांत नवलाची गोष्ट होती. पुढे तेथे कर्करोगाचेही उपचार होऊ लागले. २०१९ साली डॉ. कुकड्यांस पद्मभूषण देण्यात आले. आणि २०१२ साली औरंगाबादेस, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरास, सरकारी कर्करोग रुग्णालय निघाले तेव्हापासून आपल्याकडच्या रुग्णांस निम्म्या वाटेवरच इलाज मिळू लागला. त्याच वर्षी जुलैत सरकारची जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम लागू झाली, त्यांत नांदेड होते. हीच योजना २०१७ पासून महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाते. आमच्या घरची वेळ त्याच्या सहा वर्षे आधीची.

तर मुंबईत जाऊबाई राहिल्या कोठे? पहिल्या दोन रात्री गुरुद्वाऱ्यात. आमच्या गल्लीत एक सरदारीणबाई आहेत, मंडळाच्या जुन्या सभासद. त्यांच्या ओळखीने ती सोय झाली. नांदेडचा माणूस म्हटले की 'हुजूर साहिबचे' म्हणून तेथे जास्तच मान मिळाला, असे भाऊजी सांगत. तिसऱ्या दिवशी दादरला हिंदमाताजवळच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली आणि पुढचे सात आठवडे तेच आमचे घर झाले. मी त्यांतले तीन आठवडे तेथे होते.

गाडगेबाबांस आपण सगळ्याच ओळखतो. हातात खराटा, डोक्यावर गाडगे, अंगावर चिंध्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पण देऊळ बांधण्याऐवजी त्यांनी धर्मशाळा बांधल्या. पंढरपूर, नाशिक, आळंदी ह्या ठिकाणी यात्रेकरूंसाठी बांधल्या हे आपण ऐकतो. परंतु मुंबईस जे. जे. रुग्णालयापाशीही त्यांनी गावाकडून येणाऱ्या रुग्णांच्या नातलगांसाठी धर्मशाळा उभी केली, हे मला तेथे जाईपर्यंत माहीत नव्हते. दुखणाईतापाशी आलेला माणूस हाही एक यात्रेकरूच, हे त्यांनी ओळखले. बाबा २० डिसेंबर १९५६ रोजी गेले. दादरची धर्मशाळा त्यांच्या मागे त्यांच्या माणसांनी चालविली आहे, आणि तेथे राहणाऱ्यांत मोठा भरणा टाटा रुग्णालयात येणाऱ्यांचाच असतो. परळमध्येच नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. ती समिती १९६८ साली स्थापन झाली. अशी आणखीही ठिकाणे आहेत. तरी रस्त्यावरची निळी प्लास्टिके संपलेली नाहीत.

धर्मशाळेतले दिवस कसे होते ते सांगितले पाहिजे. सकाळी बायका ओळीने न्हाणीपाशी उभ्या. कोणाच्या मानेवर शाईच्या खुणा, कोणाच्या छातीवर, कोणाच्या डोक्यावर केस नाहीत. पहिल्या दिवशी जाऊबाई पदर तोंडावर घेऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी शेजारची साताऱ्याकडची बाई सहज म्हणाली, "तुमचं कुठलं?" जणू कुठले गाव असे विचारावे तसे. जाऊबाईंनी सांगितले. घरात आठ महिने जे नाव उच्चारले नाही ते त्यांनी परक्या बाईस एका वाक्यात सांगून टाकले, आणि मग दोघी भाजी निवडत बसल्या. एकमेकींची लेकरे सांभाळणे, एकीने रांगेत उभे राहून दुसरीचा कागद देणे, कोणाचा निरोप गावी फोनवरून पोचविणे, हे सारे न सांगता होत असे. तेथे जात कोणी विचारली नाही. आमच्या गावात विचारली असती.

इकडे नांदेडास काय झाले तेही खरे तेच लिहिते. दुखण्याचे नाव कळताच गल्लीतल्या काही जणींनी आमच्याकडचे येणे-जाणे बंद केले. हा रोग कपाने-पेल्याने लागतो अशी समजूत. आपल्या मंडळातल्याही त्यांत होत्या. आज त्यांपैकी दोघी ह्याच कामात सर्वांत पुढे आहेत, म्हणून त्यांची नावे घेत नाही, आणि त्यांनीच मला हे लिही असे सांगितले. तेव्हाच्या आपल्या अध्यक्षाबाई, ज्या आता हयात नाहीत, त्या आमच्या घरी आल्या, जाऊबाईंच्याच पेल्याने पाणी प्यायल्या आणि बाहेर जाऊन चौकात उभ्या राहून बोलल्या. काय बोलल्या ते छापण्यासारखे नाही. मंडळाची भिशी होती, तीस जणी, दोनशे रुपयांची. त्या महिन्याचा नंबर जिला लागला होता तिने ते सहा हजार तसेच आणून दिले; तिच्या घरावर पत्रे घालावयाचे होते, ते पावसाळाभर राहिले. जाऊबाईंच्या तीन लेकरांचा डबा सात घरांनी वार लावून केला. मुलांची शाळा एक दिवस चुकली नाही. दीर-जाऊ परत आली ती अंगाने निम्मी होऊन, पण चालत आली.

आता ज्या गोष्टीसाठी लेखणी अडते ती लिहिते.

माझी मावशी उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवात, कळंब तालुक्यात दिलेली. २००० साली तिच्या दारी आरोग्याचे काम करणारी एक बाई आली. तीस ते साठ वयाच्या बायकांनी गावातल्या शिबिरास यावे, तपासणी आहे, दुखत नाही, पैसे नाहीत. मावशी पहिल्यांदा मागल्या दाराने शेतात निघून गेली. बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिसऱ्या दिवशी मावशीच्या सासूनेच तिला पाठविले. आतून ब्रशासारखी काडी फिरवून काही काढून घेतले. पुढे बार्शीस बोलाविले, दुर्बिणीने पाहिले, आणि रोग होण्याआधीची खराबी आहे म्हणून तेवढा भाग थंड यंत्राने गोठवून टाकला. त्याच दिवशी ती घरी आली. मावशी आज सत्तरीची आहे व अजून खुरपायला जाते.

ही बाई मावशीच्या दारी का आली, ह्याला मोठी हकीकत आहे. बार्शी हे गाव सोलापूर जिल्ह्यातले, पण आपल्या लातूर-धाराशिवच्या अगदी वेशीवर. तेथे १९८२ साली कर्करोगाचे रुग्णालय निघाले व त्यास नर्गिस दत्त ह्यांचे नाव दिले. ती गुणी नटी ३ मे १९८१ रोजी ह्याच रोगाने गेली होती. डॉ. नेने हे तेथले प्रमुख डॉक्टर. १९८७ पासून टाटा रुग्णालयाच्या मदतीने तेथे खेड्यांतल्या कर्करोगाची नोंदवही ठेवावयास सुरुवात झाली. आपल्या देशात नोंद व्हायची ती शहरांची. खेड्याची अशी नोंद हीच पहिली. नोंद ठेवणारी माणसे गावोगाव जात, बायका-पुरुषांस बसवून खुणा समजावून सांगत, आणि संशय आला तर रुग्णास बार्शीस घेऊन येत. नोंदीतून दिसले की खेड्यातल्या बायकांत सर्वांत जास्त कर्करोग गर्भाशयाच्या मुखाचाच. आणि नुसते समजावून सांगण्यानेही बायका लवकर, रोग लहान असतानाच, येऊ लागल्या.

मग १९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात मोठा प्रयोग सुरू झाला. गावांचे बावन्न गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. चार प्रकार केले. एकांत विषाणूची तपासणी, दुसऱ्यांत पेशींची, तिसऱ्यांत व्हिनेगरसारखे आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची. आणि चौथ्या प्रकारच्या गावांत तपासणी नाही, फक्त माहिती सांगावयाची. हा रोग एका विषाणूमुळे होतो हे जर्मनीच्या हाराल्ड झुर हाउझेन ह्यांनी दाखविले व त्याबद्दल २००८ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. प्रयोगाचा निकाल २ एप्रिल २००९ रोजी अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय साप्ताहिकात आला. ज्या गावांत विषाणूची तपासणी एकदाच, फक्त एकदाच, केली तेथे आठ वर्षांत ह्या रोगाने ३४ बायका गेल्या. ज्या गावांत तपासले नाही तेथे ६४. पहिल्या गटात बायका सुमारे चौतीस हजार, दुसऱ्यात साडेएकतीस हजार, म्हणजे संख्येचा फरक फारसा नाही. पुढच्या पायरीला गेलेला रोग एका ठिकाणी ३९ जणींत, दुसऱ्या ठिकाणी ८२ जणींत सापडला. साऱ्या जगाने ह्या आकड्यांवरून धडे घेतले.

त्या न तपासलेल्या साडेएकतीस हजार बायकांवरून पुढे डॉक्टरांत पुष्कळ वाद झाला. एक बाजू म्हणते, तुलनेवाचून खरे कळले नसते. आणि तेव्हा देशात खेड्यातल्या बाईस तपासणी कोठेच मिळत नव्हती, म्हणून त्यांचे काही हिरावून घेतले नाही. दुसरी बाजू म्हणते, इलाज ठाऊक असताना बाईस नुसते पाहत राहणे बरोबर नव्हे. माझी पुतणी पहिल्या बाजूची आहे. माझे मन दुसरीकडे जाते. पण मी बोलावे कोणत्या तोंडाने? मावशीची सारी हकीकत मला २००० सालीच ठाऊक होती. दिवाळीला माहेरी गेले तेव्हा तिने स्वतः सांगितली होती. सहा वर्षांनी त्याच खुणा मी माझ्या न्हाणीत पाहिल्या, आणि जाऊबाई "बोलू नकोस" म्हणाल्या म्हणून बोलले नाही. मावशीच्या दारी कोणी तरी तीनदा आले. जाऊबाईंच्या दारी यावयास मीच होते.

जाऊबाई दोन वर्षे बऱ्या राहिल्या. मुलीची दहावी पाहिली. मग पुन्हा पाठ धरली, आणि २००९ च्या श्रावणात त्या गेल्या. शेवटच्या महिन्यात त्यांनी मला जवळ बसवून सांगितले, की मुंबईहून आणलेली पेटी मोडीत घालू नकोस, कोणाला तरी लागेल. तीच ही निळी पेटी. धर्मशाळेत असताना लालबागेतून घेतलेली. आत दोन चादरी, एक घोंगडी, झाकणाचा डबा, दोन पेले, थर्मास, दोन सुती परकर, आणि शंभर पानी वही.

वहीत आधी जाऊबाईंचे अक्षर आहे, मग भाऊजींचे, मग दुसऱ्यांचे. आतापर्यंत अकरा घरांनी ती पेटी नेली. कोणी मुंबईस, कोणी बार्शीस, कोणी संभाजीनगरास. प्रत्येकाने मागच्यासाठी काही लिहून ठेवले. फाईलचा नंबर दोन ठिकाणी लिहावा. शेकाच्या जागी साबण लावू नये, खुणेची शाई पुसू देऊ नये. धर्मशाळेत सकाळी जागा नाही म्हटले तरी संध्याकाळी पुन्हा विचारावे, कोणी तरी गावी गेलेले असते. औषधाच्या दिवशी रुग्णापुढे फोडणी देऊ नये. रडू आले तर जिन्यात जावे, तेथे सगळेच रडतात. एका घराने फक्त तारीख लिहून खाली काहीच लिहिलेले नाही. त्या घरची बाई परत आली नाही.

२०१० साली मंडळाने तपासणीचे पहिले शिबिर घेतले. शहरातल्या एका डॉक्टरीणबाई विनामूल्य आल्या. दारावर 'कर्करोग तपासणी' असा फलक लावला, आणि दिवसभरात चौघी आल्या. त्यांतली एक मी. पुढच्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवास जोडून घेतले, तर पुष्कळ आल्या, पण विधवा भगिनी आल्या नाहीत. आणि वय पाहता त्यांनीच यावयास हवे. तेव्हा तिसऱ्या वर्षी हळदीकुंकू हा शब्दच काढला, 'तिळगूळ' एवढेच ठेवले, व बोलावणे घरोघर जाऊन केले. एकीकडे तीनदा जावे लागले तरी जावयाचे, हा नियम माझा. मुंबईतही असेच एक काम झाले आहे: झोपडवस्त्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांवर १९९८ पासून टाटा रुग्णालयाने आम्ल लावून पाहण्याचा प्रयोग केला, आणि ती तपासणी करावयास डॉक्टर नव्हते, दहावी शिकलेल्या बायकांस काही आठवडे शिकवून तयार केले होते. मरणे सुमारे एकतीस टक्क्यांनी घटली. मी हे आपल्या बैठकीत सांगितले तेव्हा एक म्हणाली, "मग सातवीवालीने निदान दार तरी वाजवावं." ते मला लागले नाही.

ह्या रोगावर आता मुलींसाठी लसही आहे. पुण्याच्या सीरम संस्थेने आपल्या देशातली पहिली २०२३ साली बाजारात आणली. माझ्या दोन्ही पुतनातींस ती टोचून झाली आहे. तिशीपुढील बाईने तपासणी मात्र करून घ्यावयाचीच.

पेटीचे कुलूप गेल्या वर्षी मोडले, ते बदलले. थर्मास तिसरा आहे. माझ्या ओसरीवरून ती हा लेख लिहीत असतानाच उदगीरकडच्या एका घराने नेली. कोणाचे दुखणे ते विचारावयाचे नाही असा आपला रिवाज आहे. वही मी त्यांच्याबरोबर दिली, म्हणून वरच्या ओळी आठवणीने उतरविल्या आहेत. वहीत सतरा पाने कोरी राहिली होती. नवी शंभर पानी आणावयास हवी.